पुन्हा एकदा बिऱ्हाड : लक्ष्मीबाई टिळक यांची जीवनकथा



काही आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी निवृत्त मास्तर आणि मास्तरीणबाई बंगल्यावर आले. त्यांची नावे येथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मास्तरांनी तीस वर्षांहून अधिक काळ खेडोपाडी धर्मशिक्षकाचे काम केले. फादरांची चिठ्ठी आली की भांडीकुंडी बैलगाडीत आणि पुढे पुढे टेम्पोत भरायची व दुसरे गाव गाठायचे. निवृत्तीनंतर ते संगमनेरात स्थायिक झाले आणि येथेही रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग चालवू लागले. बाई प्रार्थनेची पुस्तके, वेदीवरची वस्त्रे आणि मुलांच्या हजेरीची वही सांभाळत. यंदा नवी पुस्तके आली, शिकविण्याची पद्धत बदलली, तरुण शिक्षक-शिक्षिका तयार झाले आणि आम्ही वर्ग त्यांच्याकडे सोपविला. तो निर्णय योग्यच होता असे आम्हांला आजही वाटते. मास्तर त्या संध्याकाळी कपाटाची किल्ली परत द्यायला आले होते. आम्ही किल्ली घेतली, टेबलाच्या खणात टाकली, चहा सांगितला, पावसापाण्याच्या गप्पा केल्या. ते दोघे फाटकाबाहेर गेल्यावर आमच्या ध्यानात आले की आम्ही त्यांचे साधे आभारही मानले नाहीत.

त्या रात्री झोप लागेना. कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढले. सेमिनरीत असताना हे पुस्तक आम्ही मराठी सुधारावे म्हणून वाचले होते. आता चाळिशी ओलांडल्यावर वाचताना ते दुसरेच पुस्तक वाटले. उतारवयात घर, पगार, गाव आणि काम सगळे एकदम बदललेल्या एका मिशनरी जोडप्याची कथा त्यात आहे, आणि हे जोडपे आपल्याच जिल्ह्यात वावरलेले आहे. संगमनेराहून राहुरीला जाताना ज्या गावांवरून आपली एसटी जाते, त्या मुलखातील ही माणसे. म्हणून या रविवारी लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन आपल्यापुढे मांडीत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाई आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कॅथलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे. आमच्या लहानपणी अशा लोकांविषयी घरात फारसे बोलले जात नसे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यावरील आपल्या जाहीरनाम्यात सांगितले की, विभक्त बंधूंच्या ठायी पवित्र आत्म्याची कृपा जे घडविते, ते आपल्याही उभारणीला उपयोगी पडू शकते. आणि व्यवहारात तर आपण ते कधीच मान्य केले आहे. टिळकांनी रचलेली भक्तिगीते आज कॅथलिक देवळांतूनही गायिली जातात. गाणाऱ्यांपैकी कितीजणांना कवीचे नाव ठाऊक असते कोण जाणे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनू. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, त्यांना सोवळ्या-ओवळ्याचे वेडच लागले. घरात येणारी वस्तू धुवायची, पुन्हा धुवायची आणि तरी ती शुद्ध झाली याची खात्री पटायची नाही. ज्या मुलीचे बालपण अशा घरात गेले, तिने पुढे काय काय ओलांडले हे पाहताना ही सुरुवात लक्षात ठेवावी लागते.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक कोकणातील करजगावचे. आई लवकर वारली, वडील कडक स्वभावाचे. त्यामुळे हा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. बुद्धी तीव्र, कवित्व उपजत, स्वभाव उदार आणि कमालीचा लहरी. हातात पैसा टिकत नसे. मनात आले की उठून निघून जावे, कुठे गेले ते घरी कळू नये, असे कितीदा तरी घडले. नाशिक, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे होत गेली. एके ठिकाणी चूल मांडावी, शेजारणींची ओळख व्हावी, तोच पुढची वाट धरावी. या धावपळीत पोटची मुले गमावल्याचे दुःखही या तरुण आईच्या वाट्याला आले. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा जगला. तोच पुढे देवदत्त टिळक. या काळातील एक गोष्ट मात्र टिळकांच्या बाजूने मांडली पाहिजे : बायकोला लिहिता-वाचता आले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि मराठीला एक लेखिका मिळाली ती त्या आग्रहामुळे.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलता बोलता धर्माचा विषय निघाला. उतरताना त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

नाशिकच्या बाजूला माहेरच्या माणसांत असलेल्या लक्ष्मीबाईंवर या बातमीने आभाळ कोसळले. वय सत्तावीस, पदरात लहान मूल, नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा बाईची काय अवस्था झाली असेल याची कल्पना आपण करू शकतो. पुढची चार-साडेचार वर्षे दोघे वेगळे राहिले. काही काळ त्या पंढरपुरास होत्या. माहेरच्या नातलगांनी त्यांना सांभाळले, आणि त्या नातलगांविषयी लक्ष्मीबाईंनी पुढे जे लिहिले आहे, ते ऋण मानणाऱ्या माणसाचे लिहिणे आहे. आपण ख्रिस्ती झालो म्हणून मागे राहिलेली माणसे वाईट ठरत नाहीत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

शेवटी त्या दत्तूला घेऊन नगरला पतीकडे आल्या. परंतु अटी घालून आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरी हिंदू बायको आपला धर्म पाळून राहणार होती, आणि टिळकांनी ते मान्य केले. हा टिळकांचा मोठेपणा आम्हांला विशेष वाटतो. त्यांनी सक्ती केली नाही, घाई केली नाही. बदल हळूहळू आतून आला. जात ही देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्यांनी स्वतःच झगडा केला. आणि जात माणसाची आहे असे एकदा ठरल्यावर मात्र त्यांनी मागे पाहिले नाही. जिच्या वडिलांनी साऱ्या जगाला विटाळ मानले, ती मुलगी कोणाच्याही हातचे पाणी आनंदाने प्यायला लागली. राहुरीच्या मुक्कामात १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे थोडे विषयांतर करतो. याच राहुरीच्या परिसरात, केंदळ येथे, आपले येशूसंघीय फादर त्या वेळी काम करीत होते आणि १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी तेथूनच ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. एकाच मुलखात, एकाच दुष्काळाच्या धगीत, दोन मिशने जवळजवळ नांदत होती. त्या काळी त्यांच्यात फारसा जिव्हाळा होता असे कोणी म्हणणार नाही. माणसे मात्र दोन्हीकडे तीच होती : महारवाड्यात आणि मांगवाड्यात वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवलेली, आपले आजोबा-पणजोबा.

१८९९-१९००चा तो दुष्काळ अजून छप्पनचा दुष्काळ म्हणून जुन्या तोंडी आहे. अनाथ मुलांचे तांडेच्या तांडे मिशनांच्या दाराशी आले. टिळकांच्या घरातही अशी मुले आली आणि राहिली. तारा ही त्यांची मानलेली लेक. घरात किती ताटे वाढायची याचा हिशेब रोज बदलत असे. नंतर प्लेगाच्या साथीत, घरची माणसेही रोग्याला शिवायला भीत होती अशा दिवसांत, लक्ष्मीबाईंनी मिशनच्या आजारी मुलींची शुश्रूषा केली. टिळक नगरच्या ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवीत, १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, १९१२पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. नाव टिळकांचे झाले. परंतु घर उघडे ठेवायचे म्हणजे चूल पेटती ठेवायची, आणि ती कोणी पेटती ठेवली हे वेगळे सांगायला नको. आपल्या मास्तरीणबायांनीही हेच केले आहे. पगाराच्या कागदावर नाव एकाचे आणि काम दोघांचे.

या उघड्या घरात एक तरुण कवी येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी. तो ख्रिस्ती नव्हता, आणि टिळकांच्या घरी कोणी त्याला त्यासाठी धरून बसविले नाही. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. त्याचे रुसवे काढले, त्याच्या खाण्यापिण्याकडे पाहिले, रागे भरल्या आणि पुन्हा जवळ घेतले. शाळेच्या पुस्तकातून ज्यांच्या निसर्गकविता आपण पाठ केल्या, ते बालकवी आपल्या नगरच्या एका ख्रिस्ती घरात वाढले, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

आता त्या वळणाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१९१७ साल. टिळक पंचावन्न-छपन्न वर्षांचे, लक्ष्मीबाई एकोणपन्नास. त्या काळच्या मानाने दोघेही वृद्ध. मिशनमध्ये मान आहे, ठरलेला पगार आहे, राहायला जागा आहे, मुलगा मोठा झाला आहे. एवढी बिऱ्हाडे केल्यावर आता नगरला म्हातारपण शांतपणे जावे, असे कोणत्याही बाईला वाटले असते. आणि नेमक्या याच वेळी टिळकांनी जाहीर केले की, आपण मिशनची पगारी नोकरी सोडीत आहोत आणि ख्रिस्ती संन्यासी होत आहोत. विदेशी पैशावर आणि विदेशी व्यवस्थेवर पोसलेली ख्रिस्तसभा या देशाच्या मातीत कधीच रुजणार नाही, असे त्यांना वाटू लागले होते. ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, अशा सर्वांचा तो बंधुभाव असावा अशी त्यांची कल्पना होती.

धर्मगुरू म्हणून आम्हांला या कल्पनेविषयी शंका आहेत. बाप्तिस्मा हा ख्रिस्तसभेचा दरवाजा आहे. तो ऐच्छिक मानून चालत नाही. आणि संन्यासाविषयीही आमची एक अडचण आहे. वेदीपुढे दोघांनी एकमेकांना शब्द दिला असेल, तर त्यांतील एकाने एकट्याने सर्वसंगपरित्याग कसा करावा? टिळकांनी पगाराचा त्याग केला हे खरे; पण तो पगार बाजारहाट करून घरात आणणारी आणि महिन्याच्या अखेरीपर्यंत पुरविणारी बाई दुसरी होती. संन्यास पतीने घेतला आणि त्याची शिधाशिदोरी पत्नीने पाहायची, असा तो प्रकार झाला. साताऱ्यात तर दरबार म्हटल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सुमार नव्हता. महायुद्ध चालू होते, धान्य महागले होते. ठरलेली आवक नाही आणि पंगत मात्र रोजची.

लक्ष्मीबाईंनी हे सर्व गुपचूप, डोळे मिटून, हसतमुखाने स्वीकारले असे जर कोणी आपल्याला सांगितले, तर ते लक्ष्मीबाईंना ओळखीत नाहीत असे समजावे. त्या भांडत. त्यांना राग येई, आणि तो त्या बोलून दाखवीत. नवऱ्याच्या कल्पना मोठ्या आणि आपली भांडी रिकामी, हा विरोध त्यांना स्पष्ट दिसत होता. तरीही त्या साताऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा चूल मांडली. आणि नवरा ज्याच्या मागे धावत आहे ते खोटे नाही, हेही त्यांना दिसत होते. सदतीस वर्षांच्या संसारात त्या एवढे शिकल्या होत्या की, या माणसाची लहर आणि या माणसाची साधुता वेगळी काढता येणार नाही. एक घ्यायची तर दुसरी पदरात येणारच.

त्याच सुमारास आपल्या मिशनांतही मोठी उलथापालथ झाली होती, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन नागरिकांना शत्रू ठरविले आणि १९१५-१६च्या सुमारास आपल्या जर्मन येशूसंघीय फादरांना स्थानबद्ध करून मायदेशी पाठविले. जे फादर घोड्यावरून गावोगाव हिंडत होते, ते एकाएकी दिसेनासे झाले. ‘निरोप्या’चे संस्थापक डोरिंग तोवर पुण्याचे महागुरुस्वामी झाले होते, युद्धामुळे त्यांनाही आपल्या धर्मप्रांतात परतता येईना. पुढे रोमने त्यांना १९२१ साली जपानात हिरोशिमाला पाठविले, आणि पुण्याला ते १९२७ साली परत आले. नगर जिल्ह्यातील माणसासाठी मासिक काढणारा बिशप उतारवयात जपानी माणसांत जाऊन राहतो! येथे खेड्यात मात्र मास्तर होते. थोडे उरलेले फादर किती गावांना पुरणार? संध्याकाळची प्रार्थना, मुलांची शिकवणी, मरणाऱ्याच्या उशाशी बसणे, हे काम मास्तर आणि मास्तरीणबाई करीत राहिले. त्यांच्यापैकी कोणी स्मृतिचित्रे लिहिली नाहीत.

साताऱ्याचा संसार दोन वर्षेही टिकला नाही. ५ मे १९१८ रोजी बालकवी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी आगगाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली आणि तिने मुंबई इलाख्यात घरेच्या घरे ओस पाडली. टिळकांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना मुंबईस आणले आणि ९ मे १९१९ रोजी तेथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला आणण्यात आल्या. दरबार मागे पडला. मिशनची नोकरी आधीच सुटलेली होती.

पन्नाशी उलटलेली विधवा, पेन्शन नाही, शिक्षण नाही. त्यांनी मुंबईत मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रनचे काम धरले. नंतर मुलाबाळांबरोबर काही काळ कराचीत राहिल्या. समुद्राकाठच्या त्या परक्या शहरात, परक्या भाषेत, पुन्हा एकदा बिऱ्हाड मांडले. मग परत महाराष्ट्रात आल्या आणि नाशिकला स्थिरावल्या. जलालपूरची मनू जिथून निघाली, जवळजवळ तेथेच येऊन पोहोचली.

आणि या शेवटच्या टप्प्यात त्यांनी दोन कामे केली. पहिले असे. टिळकांनी प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केले होते. त्यांचे साधारण साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. चौसष्ट! जिला नवऱ्याने अक्षर गिरवायला शिकविले, तिने नवऱ्याच्या कामाच्या सहापट काम करून त्याचे पुस्तक पुरे करीत आणले. हे पुस्तक १९३८ साली, दोघेही नसताना, प्रसिद्ध झाले.

दुसरे काम म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्याच्या उपयोगासाठी आईने आठवणी लिहायला घेतल्या, आणि त्या आठवणींचेच एक पुस्तक झाले. १९३४पासून त्याचे भाग निघू लागले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांमध्ये त्याची गणना होते आणि इंग्रजीतही त्याची एकाहून अधिक भाषांतरे झाली आहेत.

आम्हांला या पुस्तकाविषयी एक गोष्ट सांगायची आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, त्याचा येथे थोडा उपयोग होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, आपल्यावर उपकार झाला आहे हे ओळखणे. दुसरी, तो बोलून दाखविणे आणि आभार मानणे. तिसरी, योग्य वेळी आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे. आपण दुसरीपासून सुरुवात करतो. ‘थँक्यू’ म्हटले की झाले. परंतु आपल्या मराठी शब्दातच पहिली पायरी दडलेली आहे : कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. काय काय केले गेले हे जो जाणतो, तो कृतज्ञ. त्याला आधी सगळे नीट आठवावे लागते. सगळे, म्हणजे कडूही.

लक्ष्मीबाईंनी हेच केले. नवरा न सांगता निघून गेला ते लिहिले, त्याने पैसे उधळले ते लिहिले, आपण केलेला त्रागा लिहिला, आपली फजिती तर चवीने लिहिली. वाचताना हसू आवरत नाही, आणि हसता हसता कळते की ही बाई कोणावर सूड उगवीत नाही. ती हिशेब मांडते आहे, आणि हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला काय जमा आहे तेही तितक्याच काटेकोरपणे लिहिते आहे : अक्षरओळख, दत्तू, तारा, ठोंबरे, परक्या जातीच्या शेजारणींचे प्रेम, आणि ज्याच्या पायी हे सगळे झाले तो ख्रिस्त. तक्रार गाळून केलेली आभाराची प्रार्थना आम्ही पुष्कळ ऐकतो. वर्षाच्या शेवटी, ३१ डिसेंबरच्या रात्री, आम्हीही ती करतो. तिच्यात फारसा दम नसतो, कारण आपण काय सोसले हे देवाला सांगायचेच आपण टाळलेले असते. स्तोत्रकर्त्याने तसे टाळले नाही. त्याची कितीतरी स्तोत्रे गाऱ्हाण्याने सुरू होतात आणि पुष्कळदा स्तुतीपर्यंत पोहोचतात. मिस्साबलिदानाचे युखारिस्ट हे नावसुद्धा आभार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, आणि प्रभूने ते आभार धरून दिल्या जाण्याच्या रात्री मानले.

चौथा भाग पूर्ण होण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई नाशिकला देवाघरी गेल्या. तो भाग मुलाने तडीस नेला. त्यांच्या कवितांचा संग्रह मृत्यूनंतर निघाला. त्याचे नाव ‘भरली घागर’.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामातील सर्व निवृत्त मास्तर आणि मास्तरीणबाया यांनी बंगल्याच्या ओसरीवर थांबावे, अशी विनंती आहे. जेवण तेथेच आहे. वाढण्याचे काम तरुण शिक्षक मंडळी आणि आम्ही करणार आहोत. हार-तुरे, भाषणे काही नाहीत. प्रत्येकाने आपण केलेल्या गावांची नावे सांगायची आहेत, एवढेच. आम्ही ती एका वहीत लिहून ठेवणार आहोत. गाऱ्हाणी असतील तीही चालतील, आमच्याविषयीचीसुद्धा.

ज्यांच्यामुळे हा लेख लिहिला गेला, त्या मास्तरांच्या घरी आम्ही दोन दिवसांनी गेलो होतो. आभार मानायला उशीर झाला हे सांगितले. मास्तर काही बोलले नाहीत, बराच वेळ चष्मा पुशीत राहिले. बाईंना ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिले. आठवड्याने त्यांनी ते परत आणले. पुस्तक आवडले का, असे विचारले तर म्हणाल्या की टिळकांच्या बायकोने निदान लिहून तरी ठेवले; आणि मग, जाता जाता, कपाटाची किल्ली एकदा लागेल असे म्हणाल्या, कारण वेदीच्या वस्त्रांतली दोन शिवायची राहिली होती आणि नव्या मुलींना ती कुठल्या घडीत ठेवली आहेत ते सापडायचे नाही. किल्ली खणातच होती. ती आता त्यांच्याकडे आहे.

— आपले धर्मगुरू